पोट बांधलं नाही, म्हणून असं झालं?

नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 33, बँकेत नोकरी, मुलगी सव्वादोन वर्षांची. बराच वेळ कळा देऊन शेवटी सिझर झालं. वजन लग्नाच्या वेळेपेक्षा जेमतेम दोन किलोनं जास्त आहे, पण शरीराची ठेवण पार बदलली आहे. सकाळी पोट बरं दिसतं, संध्याकाळपर्यंत पाचवा महिना असल्यासारखं पुढे येतं. टाक्यांच्या वर घडी पडते. लग्नातले ब्लाउज दंडात नीट बसतात, पण खालचे दोन हुक लागत नाहीत. छाती उतरली आहे, चपलेचा नंबर वाढला आहे, पोटावरच्या रेघा महागडं तेल लावूनही गेलेल्या नाहीत. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, "कितवा महिना गं?" त्यानंतर त्या कुठल्याच समारंभाला गेलेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात, "माहेरी पोट बांधलं नाही, त्याचं हे फळ." मे महिन्याचा उकाडा आणि ओले टाके बघून आईनं पट्टा आठवड्याभरात सोडला होता. आता आईही स्वतःला दोष देत बसते. नवरा एकदा हसत म्हणाला, "तू पहिल्यासारखी कधी होणार?" तेव्हापासून त्या दिवा मालवल्याशिवाय कपडे बदलत नाहीत. रोज शंभर क्रंचेस, कपालभाती, रात्रीचं जेवण बंद आणि दिवसभर कंबरेला आवळपट्टा, असं चाललं आहे. डिसेंबरात दिराचं लग्न आहे. भिशी लागली आहे, त्या पैशांत पोटाची शस्त्रक्रिया करून घेऊ का, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि अगदी शेवटी: "ता. क. शिंकलं की थोडी लघवी होते. पण ते सगळ्यांनाच होतं ना?"

प्रिय मैत्रिणी,

मी उत्तर तुमच्या ताज्या कलमापासून सुरू करते. दोन पानं तुम्ही पोट कसं दिसतं यावर लिहिलीत आणि ज्याला खरोखर उपचार लागतो ती गोष्ट एका ओळीत उरकलीत. हो, हे पुष्कळ जणींना होतं. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून ते सोसायचं, असं कुठे ठरलंय? माझ्याकडे येणाऱ्या बायका गुडघा दुखतो, कंबर दुखते, सगळं सांगतात. हे मात्र उठून दाराशी गेल्यावर, चप्पल घालता घालता सांगतात. तुम्ही निदान लिहिलंत, बरं केलंत.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारा. नऊ महिने त्यानं वाढतं ओझं पेललेलं असतं. सिझर झालं म्हणजे खालचे स्नायू शाबूत राहिले, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. गरोदरपणाचा भार तर त्यांनी उचललेला असतोच, आणि तुम्ही तासन् तास कळाही दिल्यात.

यावर पहिला उपचार गोळी नाही, ऑपरेशनही नाही. व्यायाम आहे, आणि तो चांगला लागू पडतो. लघवी आणि वारा एकाच वेळी अडवायचा आहे अशा बेतानं तो भाग आत आणि वर ओढून घ्यायचा, काही सेकंद धरायचा, मग पूर्ण सैल सोडायचा. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत आणि श्वास रोखायचा नाही. एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार तोडून हा सराव करू नका, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते. आणि शिंक येतेय असं वाटलं की शिंकण्याआधी क्षणभर आवळून धरायला शिका. एवढ्या एका युक्तीनं अनेकींची ऑफिसातली धास्ती जाते.

यातली अडचण अशी की कितीतरी बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर लावतात आणि व्यायाम उलटा होतो. म्हणून एकदा तरी स्त्रियांच्या आजारांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. नाशिकमध्ये अशी व्यक्ती शोधणं तुम्हाला अवघड जाऊ नये. छोट्या गावातल्या वाचकांनी जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या ओपीडीत चौकशी करावी. तिथे हे काम अल्प खर्चात होतं.

आता पोट. तुमचं वजन जवळपास पूर्वीइतकंच आहे, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत आणि तरीही उपाय सगळे वजनाचे करताय. तुम्ही लिहिलेल्या खुणा चरबीच्या वाटत नाहीत. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पुढे आलेलं पोट म्हणजे बहुतेक वेळा दिवसभर उभं राहून, बसून, मुलीला उचलून दमलेले, सैल पडलेले स्नायू. त्यात दिवसभराचं खाणं आणि गॅस यांची भर.

पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक मजबूत पांढरी पट्टी. गर्भ वाढतो तशी ती पट्टी ताणून रुंद होते आणि स्नायू एकमेकांपासून लांब सरकतात. वैद्यकात याला डायस्टॅसिस म्हणतात. दिवस भरत आले की हे जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईत होतं, कारण त्याशिवाय बाळाला जागा कुठून मिळणार? बाळंतपणानंतर फट हळूहळू कमी होते, पण सगळ्यांची पूर्ण मिटत नाही. नॉर्वेत 300 पहिलटकरणींचा पाठपुरावा करून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साधारण 60 टक्के जणींत फट होती, आणि वर्षानंतरही 33 टक्के जणींत. म्हणजे बाळाचा पहिला वाढदिवस झाला तरी दर तिघींत एक. त्या सगळ्या आळशी होत्या का? त्या सगळ्यांच्या आयांनी पट्टा लवकर सोडला होता का?

घरी पाहायचं असेल तर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. एका हाताची बोटं बेंबीच्या थोडी वर आडवी ठेवा आणि डोकं नि खांदे किंचित उचला. मध्ये खळगा लागला आणि त्यात दोनपेक्षा जास्त बोटं मावली, किंवा मधला भाग उंचवट्यासारखा वर आला, तर फट आहे असं समजून तपासणीला जा. रुंदीइतकंच, बोटांखाली ती पट्टी ताठ लागते की मऊ, हेही बघायचं असतं. बेंबीपाशी वेगळी गाठ येत असेल तर तो हर्निया असू शकतो, तो सर्जनला दाखवा. ती गाठ दुखायला लागली, कडक झाली, आत जाईनाशी झाली, तर त्याच दिवशी.

मग शंभर क्रंचेसचं काय? क्रंचेसमुळे ही फट वाढते असं ठामपणे सांगायला पुरावा नाही, त्यामुळे आजवर केलेत म्हणून घाबरू नका. पण ज्या बाईची शिंकताना लघवी होते, तिनं सुरुवात तिथून करू नये. आपलं पोट म्हणजे एक बंद डबा आहे असं समजा. वर झाकण श्वासपटलाचं, पुढे पोटाचे स्नायू, मागे पाठ आणि तळाला मघाशी सांगितलेला थर. समोरची भिंत सैल आणि तळ कमकुवत असताना आतला दाब वाढवला की तो जिथे जागा मिळेल तिथे जातो, पुढे किंवा खाली. क्रंचेस, जोरकस कपालभाती आणि तुमचा तो आवळपट्टा, तिन्हीतून दाबच वाढतो. पट्ट्यानं कपड्यात पोट आत दिसतं खरं, पण काढला की पोट होतं तिथेच, आणि दिवसभर तळावर जास्तीचा भार. मैत्रिणी, तो पट्टा काढून ठेवा. कपालभाती काही महिने थांबवा, अनुलोम-विलोम खुशाल करा.

त्याऐवजी हे करा. झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्या, आणि तसंच धरून एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करा, परत आणा. मग दुसरा. हे नीट जमलं की सेतुबंधासन, भिंतीला हात टेकून काढलेले दंड, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. पुढे फिजिओ सांगेल त्याप्रमाणे हळूहळू वजन. मुलीला उचलताना श्वास सोडत उचला. कुठलाही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा आला किंवा लघवी निसटली, तर तो व्यायाम आज तुमच्यासाठी जड आहे, एक पायरी खाली या. यानं फट पूर्ण मिटेल, पोट एकदम सपाट होईल, असं मी सांगणार नाही. काहींची मिटते, काहींची नाही. पण स्नायूंत जोर येतो, पाठीला आधार वाटतो, संध्याकाळचा फुगवटा कमी होतो. यासाठी उशीर झालाय असंही समजू नका. मुलं दहावीला गेलेल्या बायकाही सुरू करू शकतात.

आणि रात्रीचं जेवण आजपासून सुरू करा. स्नायू कमवायचेत आणि पोटाला उपाशी ठेवताय, हे जुळत नाही. भाकरीबरोबर उसळ, वरण, दही, चालत असेल तर अंडं किंवा मासे. प्रत्येक जेवणात प्रथिनाचं काहीतरी हवंच.

सासूबाईंचं वाक्य तुमच्या आईला फार लागलेलं दिसतं, त्यामुळे त्यावर थोडं सविस्तर लिहिते. जुन्या सुती साडीची पट्टी करून बाळंतिणीचं पोट बांधायची आपली पद्धत वाईट नाही. सैल पडलेल्या पोटाला आधार मिळतो, उठता-बसता बरं वाटतं. सिझरनंतर पोटपट्ट्यानं टाक्यांची वेदना थोडी कमी होते आणि बाई लवकर चालायला लागते, हे दवाखान्यातही दिसतं. पण स्नायूंमधली ताणून विरलेली ती पांढरी पट्टी पोट बांधल्यानं कायमची पूर्ववत होते, असं काही सिद्ध झालेलं नाही. ती किती भरून येते हे तुमच्या पेशीजालाची ठेवण, बाळाचा आकार, गर्भजलाचं प्रमाण, आधीची बाळंतपणं अशा अनेक गोष्टींवर ठरतं. ओल्या टाक्यांवर मे महिन्याच्या घामात पट्टा आवळला असता तर तिथे संसर्ग होण्याची भीती होती. तुमच्या आईनं केलं ते योग्यच केलं. हे तिला वाचून दाखवा.

त्या जुन्या रिवाजातली खरी मोलाची गोष्ट पट्टी नव्हती असं मला वाटतं. सव्वा महिना बाळंतिणीला कुणी घागर उचलू देत नसे, भांडी घासू देत नसे, तिचं ताट तिच्यापुढे यायचं, अंगाला तेल लावायला बाई यायची. ज्या स्नायूंना विश्रांती हवी त्यांना ती मिळायची. अर्थात ज्यांना माहेर होतं आणि ते करणारं होतं, त्यांनाच. शेतावर मजुरीला जाणारी बाई बाराव्या दिवशीच खुरपं धरायची. आणि आपल्या आज्यांची पोटं सपाट होती म्हणणाऱ्यांनी जुने अल्बम काढून बघावेत. नऊवारीत, पाचवारीत पोट मावत होतं आणि चार पोरांच्या आईला पोट असायचंच हे घरादाराला ठाऊक होतं. शिवलेले तयार कपडे आले, त्यांचे नंबर आले, आणि मग पोट मोजायची सवय लागली.

उरलेल्या बदलांबद्दल तुम्ही एका दमात लिहिलंय आणि सगळ्याला मिळून "माझं दुर्लक्ष" म्हटलंय. एकेक बघू.

ब्लाउजचे खालचे हुक लागत नाहीत ते फासळ्यांमुळे. गर्भाशय वर सरकतं तशा खालच्या फासळ्या बाहेर उघडतात. पुढच्या बाजूचा त्यांच्यातला कोन गरोदरपणात साधारण 68 अंशांवरून 103 अंशांपर्यंत जातो आणि छातीचा घेर 5 ते 7 सेंटिमीटरनं वाढतो. बाळंतपणानंतर तो बराच कमी होतो, पण अनेकींचा मूळ मापावर परत येत नाही. हाड उपाशी राहून बारीक होत नाही. शिंप्याकडे जा, शिवणीत माया असेल तर उसवून घ्या, नसेल तर बगलेखाली पट्टी घालून घ्या. चांगला शिंपी ते कळू देत नाही.

पावलांचंही तसंच. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पावलं मोजली, तेव्हा दहांतल्या सहा-सात जणींची पावलं लांब किंवा रुंद झालेली आढळली. तळपायाची कमान थोडी खाली बसते, आणि तो बदल टिकून राहतो. हे मुख्यतः पहिल्या खेपेला होतं. जुन्या नंबरच्या चपला कुणाला तरी देऊन टाका. घट्ट चपलेत पाय दुखतील आणि चालायचं टाळाल, ते जास्त नुकसानीचं.

छाती उतरली ती दूध पाजल्यामुळे, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. केंटकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2008 साली हेच तपासलं. पाजल्यानं फरक पडतो असं त्यांना आढळलं नाही. वय, गरोदरपणांची संख्या, आधीचा आकार, वजन आणि धूम्रपान यांचा संबंध आढळला. म्हणजे बदल गरोदरपणानं होतो, मग पाजा अथवा पाजू नका. पुढे गरोदर होणाऱ्या वाचकांनी या भीतीपोटी बाळाचं दूध तोडू नये म्हणून हे मुद्दाम लिहिलं. योग्य मापाची ब्रा मात्र नव्यानं घ्या. छातीखालचा घेर बदललाय, त्यामुळे जुना नंबर आता चुकीचाच असणार.

रेघांसाठी तेलावर आणखी खर्च करू नका. गरोदरपणात लावायच्या मलमांवरच्या प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं 2012 साली घेतला, त्यात कुठल्याही मलमानं रेघा टळतात असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. लालसर रेघा कालांतरानं फिकट, चंदेरी होतात, पण जात नाहीत. तेल मालिशीला वापरा, त्वचा मऊ राहील. टाक्यांवरची घडी काही अंशी व्रणामुळे असते, कारण तिथली त्वचा आत खेचली जाते. व्रणावर बोटांनी हलकं गोलाकार मालिश करायला फिजिओ शिकवते. थोडा फरक पडतो.

ज्यांचं वजन खरोखर वाढलंय आणि हलत नाही, त्यांनी ते "बाळंतपणाचं" म्हणून सोडू नये. बाळंतपणानंतरच्या वर्षात 100 पैकी साधारण 5 ते 10 जणींच्या थायरॉइडला सूज येते आणि त्यातल्या काहींची थायरॉइड नंतर मंदच राहते. थकवा, केस गळणं, वजन वाढणं, उदासी, सगळं बाळामुळे म्हणून खपून जातं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या. गरोदरपणात साखर वाढली होती अशांनी साखर नियमित तपासत राहावी, कारण त्यांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो.

आता शस्त्रक्रिया. माझं मत स्पष्ट आहे: डिसेंबरच्या लग्नासाठी ती करू नका. कधीच करू नका असं मी म्हणत नाही. स्वतःच्या शरीराबद्दल बाईनं असा निर्णय घेतला तर तो काही उथळपणा नव्हे. पण नीट समजून घ्या. ही पूर्ण भूल देऊन केलेली मोठी शस्त्रक्रिया असते. कंबरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेऊन जास्तीची त्वचा काढतात आणि लांब गेलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात. त्या छेदाचा व्रण कायमचा राहतो. पुढचे सहाएक आठवडे वजन उचलता येत नाही, आणि तुमची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. रात्री रडत उठली तर तिला कडेवर घेता येणार नाही. रक्ताची गुठळी होणं, जखम चिघळणं हे धोके कमी असले तरी असतात. लायपोसक्शन वेगळं. त्यात फक्त चरबी निघते, स्नायूंची फट तशीच राहते, तेव्हा तुमच्यासारखीला त्याचा उपयोग कमी. आणि दुसऱ्या मुलाचा विचार तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेला नाही. तो मनात असेल तर थांबाच, कारण पुन्हा गरोदर राहिलात तर ताणलेलं सगळं पुन्हा ताणेल.

माझ्या मते आधी सहा महिने नीट शिकून व्यायाम करा. लघवीचा त्रास आटोक्यात आणा. मग दुसऱ्या मुलाचा निर्णय झालेला असेल आणि तरीही हवीशी वाटली, तर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी घेतलेल्या डॉक्टरकडेच जा आणि लघवीचा त्रास त्यांना आवर्जून सांगा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, तेही आधी विचारा. भिशीचे पैसे तोवर ठेवीत टाका.

नवऱ्याबद्दल. तुमच्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, आणि त्यावरून तुम्ही दिवा मालवण्यापर्यंत पोचलात. त्यांना तुमचा वीट आलाय असं तुम्ही धरून चाललाय. तसं दाखवणारं दुसरं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. याचा अर्थ ते वाक्य माफ आहे असा नाही. ते टोचलं, हे त्यांना कळायला हवं. मुलगी झोपल्यावर, शांतपणे सांगा: "तू हसत म्हणालास, पण ते माझ्या मनातून जात नाही. यातलं काही बरं होईल, काही असंच राहणार. मला रोज संध्याकाळी अर्धा तास व्यायामाला हवा, तेवढा वेळ पिल्लूला तू सांभाळ. आणि फिजिओकडे पहिल्या वेळी माझ्याबरोबर ये." प्रत्यक्ष कामाचं काही मागितलं की माणसाला आपण काय करायचं ते समजतं. आणि "पहिल्यासारखी" म्हणजे नेमकी कधीची? लग्नातली 26 वर्षांची? मूल झालं नसतं तरी 33 व्या वर्षी तुम्ही तशा दिसला नसता, आणि तेही लग्नातल्यासारखे दिसत नसणार.

हळदीकुंकवाला पुन्हा जा. कुणी विचारलंच, तर "नाही मावशी, मुलगी सव्वादोन वर्षांची झाली" एवढंच म्हणून वाण घ्यायला पुढे व्हा. सिझर, टाके, व्यायाम, काही सांगत बसू नका, खुलासा देण्याची जबाबदारी तुमची नाही. वाचकांपैकी ज्यांना असा प्रश्न विचारायची सवय असेल त्यांना माझी मनापासून विनंती आहे की बाईनं स्वतः सांगेपर्यंत तिच्या पोटाबद्दल विचारू नका. जिला विचारलं जातं, तिचं मूल कधी कधी पोटातच गेलेलं असतं.

समारंभ सोडणं, जेवण सोडणं, आरशात न पाहणं, हे तुमच्याकडे सात-आठ महिने चाललंय. त्याबरोबर झोप उडाली असेल, मुलीत मन लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर हा फक्त पोटाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. बाळंतपणानंतरची उदासी दोन वर्षांनीही रेंगाळलेली असू शकते आणि ती बरी होते.

सासूबाईंना एकदाच, पण नीट उत्तर द्या: "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, पोट बांधण्या-न बांधण्याचा हा परिणाम नाही. माझ्या आईनं काही कमी केलं नाही." आणि मग त्यांना एक प्रश्न विचारून पाहा, त्यांना स्वतःला शिंकताना, खोकताना काही त्रास होतो का. साठीच्या पुढच्या कितीतरी बायका एसटीचा लांबचा प्रवास, देवदर्शनाच्या सहली याच एका कारणानं टाळतात आणि घरात कुणाला सांगत नाहीत. काहींचं अंग (गर्भाशय) बाहेर येत असतं, तेही तसंच सोसत असतात. हे व्यायाम पासष्टाव्या वर्षीही लागू पडतात. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग स्त्रीरोगतज्ज्ञ देतात, प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. तुम्ही फिजिओकडे जाल त्या दिवशी त्यांचीही वेळ घेऊन ठेवा.